‘खरं-खोटं माहीत नाही, पण खबरदारी म्हणून पाठवतोय’

साक्रीकर

पाऊस सुरू झाला की आमच्याकडच्या ग्रुपांवर दोन गोष्टी ठरलेल्या. एक, लाटीपाडा धरण किती भरलं त्याचा व्हिडिओ. दोन, मुलं पळवणारी टोळी. यंदाची टोळी दहा-बारा जणांची आहे, त्यात बायकाही आहेत, कोणी ब्लँकेट विकतं, कोणी साधूच्या वेशात फिरतं, आणि ही बातमी ‘आपल्याच ओळखीच्या हवालदाराने’ दिलेली आहे. तारीख कुठेच नाही, ‘काल संध्याकाळी’ एवढंच. गावाचं नाव आहे, पण तोच मजकूर नंदुरबारच्या ग्रुपवर गेला की गाव बदलतं. शेवटची ओळ मात्र कुठेही बदलत नाही. तीच वर मथळ्यात दिली आहे.

दुसऱ्या तालुक्यात हे आलं असतं तर कदाचित सोडून दिलं असतं. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्री तालुक्यात यायला नको होतं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. पिंपळनेरला पाल टाकून राहिलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे एसटीतून उतरले. माणसं बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. कारण टोळीचा मेसेज त्याआधीपासूनच फोनाफोनांवर फिरत होता. बाजारातल्या गर्दीने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे जीव जाईपर्यंत मारलं. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला. लोक शूटिंग करत होते. ज्या फोनांवरून अफवा आली, त्याच फोनांवरून ती क्लिप मग राज्यभर गेली.

तेव्हा पेपरांत आणि चॅनेलवर दोन कारणं सारखी येत होती: एक, आदिवासी भाग, शिक्षण कमी; दोन, व्हॉट्सअ‍ॅप. पहिलं कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं. हाच मेसेज नाशिक-पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर तेवढ्याच भक्तिभावाने फिरतो, आणि तिथे इंजिनियर, सीए, प्राध्यापक सगळे असतात. सोसायटीत कुणी मेलं नाही, कारण सोसायटीला गेट असतं आणि गेटवर वॉचमन असतो. अनोळखी माणूस आत येतच नाही. पाड्यावर येतो. फरक शिक्षणाचा कमी आणि फाटकाचा जास्त.

दुसऱ्या कारणावर मात्र मी बराच विचार केला आहे. मेसेज पाठवणारा माणूस दुष्ट नसतो. मावशी असते, चुलतभाऊ असतो, शाळेतला जुना मित्र असतो. काळजीपोटी पाठवतो. खरा निघाला तर आपण वेळेवर सांगितलं, खोटा निघाला तर बरंच झालं. पाठवणाऱ्याचं दोन्हीकडून काही जात नाही. जातं ते तिसऱ्याचं, आणि तो तिसरा त्या ग्रुपमध्ये नसतो. डवरी गोसाव्यांच्या पालावर त्या दिवशी हा मेसेज कुणी पाठवला होता का? ‘सावध राहा, लोक तुमच्याकडे संशयाने बघताहेत’ असं त्यांना कळवावं, हे कुणाच्या डोक्यातही येणार नव्हतं.

आणि खुलासा. तो पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून येतो, पत्रकाचा फोटो काढलेला, खाली शिक्का, बारीक अक्षर, सरकारी मराठी. अफवा येते पुतण्याकडून, पुतण्याच्या भाषेत. पुतण्याच खुलासा पाठवत नाही, कारण खुलाशात पाठवण्यासारखं काही नसतं. ‘काही झालेलं नाही’ ही बातमी कोण कुणाला सांगतं?

म्हणून धागा. खुलासा अफवेइतका फिरवता येतो का? कुणी करून पाहिलं आहे का? ‘प्रबोधन व्हायला हवं’ हे उत्तर कृपया नको, ते आम्ही दर १५ ऑगस्टला ऐकतो.

वाचनमात्र

गेटवाला मुद्दा पटला. असा कधी विचार केला नव्हता. वाचतोय.

दोन_पिल्लांची_आई

धागा चांगला आहे, पण थोडं दुसऱ्या बाजूने बोलते. मुलं खरंच हरवतात हो. सरकारनेच त्यासाठी १०९८ हा नंबर ठेवलाय ना? माझी मुलगी व्हॅनने शाळेत जाते. शाळेच्या पालक-ग्रुपवर असा मेसेज आला आणि मी तो दाबून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं मूल गेलं, तर? घरात बसून ‘तारीख नाही, म्हणजे खोटं’ म्हणणं सोपं आहे. आईला एवढी फुरसत नसते. तिला फक्त व्हॅन वेळेवर आली का ते बघायचं असतं.

आणि ‘पाठवणाऱ्याचं काही जात नाही’ हे वाचून जरा लागलं. झोप जाते.

साक्रीकर

@दोन_पिल्लांची_आई, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हटलेलं नाही. पण तो मेसेज वाचून तुम्ही व्हॅनच्या बाबतीत वेगळं काय केलंत? व्हॅनवाल्याचा परवाना पाहिला? व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात ते मोजलं? ती टोळी तुम्हाला जे बघायला लावते, त्यात तुमच्या मुलीची व्हॅन कुठेच नसते. असतो तो ब्लँकेट विकणारा.

निवृत्त_मास्तर

सगळं खापर मोबाईलवर फोडू नका, एवढं सांगायला आलो.

आम्ही लहान होतो तेव्हा नदीवर पूल बांधायला काढला की गावात ठरलेली आवई: पुलाच्या पायात पोर पुरतात. संध्याकाळी आई घराबाहेर पडू देत नसे. मुकादमाकडे, वडार मजुरांकडे सगळे तिरक्या नजरेने बघायचे. तेव्हा फोन सोडा, गावात वीजही नव्हती.

आणि २१ सप्टेंबर १९९५ विसरलात का? गणपती दूध प्यायला तो दिवस. सकाळी दिल्लीत सुरू झालं आणि दुपारपर्यंत आमच्या गावच्या देवळासमोर रांग. माझ्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक वाटी घेऊन रांगेत. खासगी वाहिन्या नुकत्या आल्या होत्या, मोबाईल त्याच वर्षी देशात सुरू झालेला, तोही शहरातल्या मूठभरांकडे. सगळं काम एसटीडी बूथने आणि लँडलाइनने केलं. पृष्ठताणाचा प्रयोग करून दाखवणारे अंनिसचे कार्यकर्ते पोचेपर्यंत गावातलं दूध संपलेलं.

म्हणजे माणूस तोच आहे. फक्त एक गोष्ट निराळी होती असं वाटतं. पुलाची आवई ज्याने आणली तो समोर उभा असायचा. तो थापाड्या आहे की सरळ, ते गावाला ठाऊक असायचं. ‘तात्याने सांगितलं’ म्हटलं की ऐकणारा आधी तात्याला वजा करून ऐकायचा. आता तात्याच मिळत नाही.

नेटवर्क_गायब

मास्तर, दंडवत! तात्याला वजा करून 😂

(अवांतर: त्या दिवशी आमच्या आजीने शेजारणीशी भांडून दूध आणलं होतं आणि गणपतीने घेतलं नाही. आजी वर्षभर गणपतीशी बोलत नव्हती.)

स्टुडिओ_बाहेर

एका वाहिनीत बरीच वर्षं काढली, आता नाही. त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी २०१८ च्या मसाल्याबद्दल, कारण बहुतेकांना तो कुठून आला ते माहीत नसतं. सगळ्यात जास्त फिरलेला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल: गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पसार. सीसीटीव्हीसारखा दिसणारा. तो कराचीतला आहे. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने २०१६ मध्ये केलेली जनजागृतीची जाहिरात. मूळ जाहिरातीत तीच मोटरसायकल परत येते, पोराला खाली ठेवते आणि मागे बसलेला माणूस कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतो: कराचीत दरवर्षी तीन हजारांवर मुलं बेपत्ता होतात, मूल उचलायला एक क्षण पुरतो. आपल्याकडे आला तेव्हा मोटरसायकल परत येण्याआधीच कापलेला होता. मुलांची काळजी घ्या म्हणून केलेली जाहिरात, आणि ती बघून इथे माणसं मेली.

दुसरं, ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांचे फोटो. ‘किडन्या काढून टाकलेली मुलं’ म्हणून मालेगाव भागात फिरले. ते फोटो सीरियातले, २०१३ मध्ये घौटामध्ये विषारी वायूचा हल्ला झाला त्यातले. मालेगावात राईनपाड्याच्याच दिवशी रात्री एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, त्यांच्याबरोबर दोन वर्षांचं मूल. तिथल्याच एका घराने त्यांना आत घेतलं, दार लावलं, पोलीस आले, म्हणून वाचले. ती बातमी मात्र राईनपाड्याखाली दबून गेली.

आता आमच्या धंद्याचं. असा व्हिडिओ न्यूजरूममध्ये येतो तेव्हा दोन वाक्यं ठरलेली असतात: ‘व्हायरल होतोय’ आणि ‘या व्हिडिओची आम्ही पुष्टी करत नाही’. ही दोन वाक्यं म्हटली की काहीही दाखवायला मोकळे. प्रेक्षकाच्या डोक्यात काय राहतं? टीव्हीवर दाखवलं होतं. मग तो टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा टीव्हीवर जाऊन धुऊन परत व्हॉट्सअ‍ॅपवर येते.

गडचिंचल्याचंही तेच झालं. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदी, पालघर जिल्हा. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, अंत्यविधीसाठी सुरतेला निघालेले. रात्री चोर फिरताहेत, मुलं पळवताहेत, अशी आवई त्या पट्ट्यात आधीपासून होती. तिघांना मारलं. ही अफवेची बातमी होती. आमच्यातल्या काहींनी ती दोन दिवसांत धर्माची करून टाकली. शेवटी, मारणारे दुसऱ्या धर्माचे नव्हते हे दाखवायला, राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. अफवेने झालेल्या खुनावर वर दुसरी अफवा.

वाचनमात्र

तो कराचीचा व्हिडिओ मी आजपर्यंत हैदराबादचा समजत होतो.

पालावरचा

मी फार लिहीत नाही इथे. भटक्यांमध्ये काम करतो, जन्मही त्यातलाच.

धागाकर्त्याने ‘पालावर मेसेज कुणी पाठवला होता का’ असं विचारलंय. त्याचं उत्तर नाही. पण पालावर कळतं. मेसेज न येताही कळतं. काल ज्या दारात पीठ मिळालं, तिथे आज दार अर्धंच उघडतं. पोरं मागे मागे येतात आणि बाया त्यांना ओढून आत नेतात. दोन-तीन घरं अशी झाली की म्हातारी माणसं सांगतात, चला, हे गाव सोडा. त्या दिवशी बाजार मोठा होता आणि पाच जणांना गाव नवं होतं.

डवरी गोसावी म्हणजे कोण हे इथे किती जणांना माहीत आहे? नाथांची गाणी गाणारे, भैरवनाथाचे भक्त, हातात डवर (डमरूसारखं वाद्य) वाजवणारे. सरकारी यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये भराड्यांखाली येतात. तुमच्या आजोबांच्या ओट्यावर येऊन गात होते. ओट्यावर बसवून त्यांना चहा दिलेला आहे. गावाला ते ‘अनोळखी’ कधीपासून झाले?

हा प्रश्न मोबाईलच्या आधीचा आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला. आमचे लोक तर त्या यादीतही नव्हते, पण फिरणारा तो चोर हे गावाच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. मेसेजमध्ये म्हणून कधी ‘पँट-शर्ट घातलेली टोळी’ नसते. ‘गाडीतून आलेले सुशिक्षित’ नसतात. साधू, फकीर, भंगारवाला, ब्लँकेटवाला, बोहारीण. मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं माहीत असतं की लोक कुणावर विश्वास ठेवायला तयार आहेत.

राईनपाड्यानंतर आमच्याकडे बऱ्याच पोरांनी भगवं घालून फिरणं सोडलं. काही ऊसतोडीला गेले, काही भंगारात. सगळे सांगतात आधार कार्ड बरोबर ठेवा. ठेवतो. गर्दीला आधार कार्ड वाचता येत नाही.

दोन_पिल्लांची_आई

@पालावरचा, वाचून गप्प बसले. आमच्या बिल्डिंगमध्ये बोहारीण यायची, आता सोसायटीने बंद केलंय. का, ते आत्ता लक्षात आलं.

सडेतोड_सोलापूरकर

सगळ्यांना वाईट वाटतंय ते ठीक. पण फिरणाऱ्या टोळ्यांमध्ये चोरी करणारे नसतातच असं म्हणायचंय का? पोलीस रेकॉर्ड काढून बघा. उगाच सगळ्यांना संत करू नका. लोकांना अनुभव आल्याशिवाय

*(उर्वरित प्रतिसाद संपादित. एखाद्या समाजाबद्दल सरसकट विधानं इथे चालणार नाहीत. – संपादक)*

निवृत्त_मास्तर

सोलापूरकर, चोऱ्या बँकेतले लोकही करतात. म्हणून बँकेच्या शाखेत घुसून कॅशियरला कुणी ग्रामपंचायतीत ओढत नाही.

काळाकोट

कायद्याचं थोडं, कारण पुढे कुणीतरी ‘कडक कायदा करा’ म्हणणारच.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांबाबत राज्यांना सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, अशा घटना जिथे होऊ शकतात ती ठिकाणं आधीच हेरून ठेवणं, चिथावणीचे मेसेज पसरवणाऱ्यांवर गुन्हा, जलदगती सुनावणी, शक्यतो सहा महिन्यांत निकाल. वाचायला उत्तम.

मग १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तारीख राईनपाड्याचीच, योगायोग. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आहे, फाशी किंवा जन्मठेप. पण ते कलम नीट वाचा: वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा ‘किंवा तत्सम’ कारणावरून. ‘मुलं पळवतो असं वाटलं म्हणून मारलं’ हे यात कुठे बसवायचं? बचावाचा वकील पहिल्या दिवशी हेच विचारेल. साधं खुनाचं कलम लागेलच, शिक्षा तिथेही कडक आहे. पण जिच्यासाठी एवढा गाजावाजा झाला, तीच तरतूद अफवेच्या खुनाला लागेल की नाही हा वाद राहणार. माझ्या मते पालावरचा यांनी सांगितलेला मुद्दा (ठरावीक समाजच निशाण्यावर असतात) कोर्टात नीट मांडला तर बसवता येईल. सरकारी वकिलाने तेवढी मेहनत घ्यायला हवी.

आणखी एक, ग्रुप अ‍ॅडमिन घाबरतात म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधीची योजना असावी लागते. तेव्हा ‘माझ्यावर केस होईल’ या भीतीने ग्रुप बंद करू नका. पण दिसलेला मेसेज काढून टाकायला काय हरकत आहे? आता अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.

तारतंत्री

@काळाकोट, तेच सांगायला आलो होतो. यंत्राच्या बाजूने थोडं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. ज्यांनी कधी ईमेल उघडला नाही, कॉम्प्युटरला हात लावला नाही, त्यांच्या हातात थेट व्हिडिओ आला. राईनपाडा त्यानंतर दोन वर्षांच्या आत. तेव्हा एक मेसेज एका झटक्यात कितीतरी ग्रुपांवर ढकलता यायचा आणि एका ग्रुपमध्ये २५६ माणसं.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आधी ‘फॉरवर्डेड’ असं लिहायला सुरुवात केली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आणि मग भारतापुरती पाच चॅटची मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या अफवांमुळे, खूप वेळा पुढे गेलेला मेसेज (तो दुहेरी बाण दिसतो ना, तो) एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आधीच्या मर्यादेमुळे जगभरातलं फॉरवर्डिंग २५ टक्क्यांनी उतरलं आणि नंतरच्यामुळे असे अतिफिरते मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. आकडे कंपनीचे, तपासणारी कंपनी, तेव्हा मीठ चिमूटभर घेऊन वाचा. तरी मला वाटतं उपयोग झाला. पाठवणं थोडं कटकटीचं केलं की आळशी माणूस थांबतो, आणि बहुतेक सगळे आळशीच असतात.

पण पळवाटा बघा. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गेला, ‘फॉरवर्डेड’ गेलं. तो मेसेज आता तुमचा स्वतःचा. व्हिडिओ सेव्ह करून पुन्हा टाकला तरी तेच. म्हणजे साक्रीकर म्हणतात तसं गाव बदलणारा माणूस जो आहे, त्याला मर्यादा लागतच नाही, कारण गाव बदलायला त्याने मजकूर नव्याने टाकलेला असतो. आणि ग्रुप आता २५६ वरून १०२४ वर गेलेत.

मेसेज मुळात कुणी पाठवला ते शोधून देण्याची सक्ती सरकारने २०२१ च्या आयटी नियमांत घातली. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. माझं मत विचाराल तर ती सक्ती नको. एका अफवेवाल्याला पकडायला सगळ्यांची पत्रं फोडण्याचा तो प्रकार आहे, आणि मूळ मेसेज बऱ्याचदा निघतो परदेशातून.

बे_एरिया_बोका

परदेशाचं नाव निघालं म्हणून. आमच्या घरच्या ग्रुपवर भारतातल्या काळजीचे अर्धे मेसेज इथून जातात. इथे राहणारा माझा चुलता, पीएचडी, सत्तरीचा, रात्रभर जागून नगरला मेसेज पाठवतो: ‘तुमच्याकडे टोळी आली आहे, जपा.’ नगरवाले कळवतात, ‘इकडे काही नाही.’ चुलता म्हणतो, ‘तुम्हाला माहीत नसेल.’

नेटवर्क_गायब

बोका, तुझ्या चुलत्याचा आणि माझ्या मामाचा ग्रुप एकच असावा.

ओट्यावरून

मी नंदुरबार जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. धाग्यात विचारलंय ना, कुणी करून पाहिलं का, म्हणून लिहिते. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

पत्रकाचा काही उपयोग नाही, हे खरं. आमच्या पाड्यांवर निम्म्या बाया मराठी वाचत नाहीत, मराठी नीट बोलतही नाहीत. मेसेज त्यांनी वाचलेलाच नसतो. तरुण पोरगा वाचतो, मोठ्याने सांगतो, सांगताना चार शब्द आपले घालतो.

मागे असाच मेसेज आला होता, तेव्हा पाड्यावर भांडी देऊन जुने कपडे घेणारी बाई आलेली, बरोबर तिची सून. पोरं जमायला लागली, पुरुष पण. मला कुणीतरी बोलवायला आलं. मी भांडण नाही केलं. त्या दोघींना अंगणवाडीच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. माझ्या मदतनीस बाईला सांगितलं, तू घरून जुन्या साड्या आण. ती आणायला गेली. मग सौदा सुरू झाला. तीन साड्यांना केवढं पातेलं? बाई म्हणे दोन लिटरचं, मदतनीस म्हणे चार लिटरचं, झाकणासकट. दहा मिनिटं घासाघीस. जमलेल्या बाया पण मधे बोलायला लागल्या, अगं हिच्या साडीला जर आहे, झाकण दे. पुरुष कंटाळून गेले. पातेलं तीन लिटरचं मिळालं, झाकण नाही.

तेव्हा मी तिच्या परवानगीने फोटो काढला, ओट्यावर बसलेली, मागे अंगणवाडीची पाटी. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं नाही, बोलून टाकलं. मावचीत. ही बाई अमुक गावची, भांडी विकते, उद्या पलीकडच्या पाड्यावर येणार आहे, जुने कपडे काढून ठेवा. ‘अफवेवर विश्वास ठेवू नका’ हे शब्द मुद्दाम नाही वापरले. ते म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी आहे म्हणूनच सांगताहेत. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाड्यावर बाया कपडे घेऊन तयार होत्या. माझा आवाज पुढे गेला होता, कारण त्यात कामाची गोष्ट होती.

साक्रीकर

ताई, दंडवत. धाग्याचं उत्तर मिळालं. ‘खुलाशात पाठवण्यासारखं काही नसतं’ असं मी वर लिहिलंय, तुम्ही त्यात पातेलं घातलंत.

पालावरचा

सेविकाताईंनी केलं ते चांगलंच केलं, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण एक विचारायचंय सगळ्यांना. बोहारणीकडे द्यायला पातेलं होतं. डवर वाजवून भिक्षा मागणाऱ्याकडे काय आहे? त्याचा फोटो कोणत्या कामाच्या गोष्टीबरोबर टाकणार? आणि दर गावात जाऊन आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून फोटो काढून घ्यायचा, मग फिरायचं, हे किती दिवस? २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्याला मथुरेकडचे चार साधू होते. गाडीतून पंढरपूरला निघाले होते. एका मुलाला वाट विचारली म्हणून मार खाल्ला. वाट विचारायच्या आधी त्यांनी कुणाला फोटो पाठवायचा होता?

काळाकोट

@पालावरचा, बरोबर आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी फिरणाऱ्यावर का, हा मूळ प्रश्न आहे. निर्देशांप्रमाणे ती जबाबदारी जिल्हा पोलिसांची आहे.

ओट्यावरून

दादा, तुमचं म्हणणं मला कळतं. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. भिक्षेकरी येतात तेव्हा मी त्यांना गाणं म्हणायला लावते आणि ते रेकॉर्ड करते, त्यांना विचारून. गाणं पुढे जातं. म्हाताऱ्या माणसांना आवडतं, ते म्हणतात हे तर आमच्या लहानपणी यायचे. पण तेवढ्याने सगळ्या पाड्यांना पुरणार नाही, हे खरं.

निवृत्त_मास्तर

बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून लावा की ते गाणं. कर भरा, कर भरा एवढंच वाजतं त्यावर.

साक्रीकर

मास्तर, आमच्या पंचायतीत विचारतो. सरपंच ओळखीचे आहेत. ताई, रेकॉर्डिंग साधारण केवढं ठेवता?

ओट्यावरून

पाऊण मिनिटाच्या वर नको. लोक पुढे ऐकत नाहीत. आणि सुरुवातीला नमस्कार-बिमस्कार म्हणू नका, सरकारी वाटतं.